चेहरा उजळला ते वर्ष

पहिली पुटकुळी आली तेव्हा मी नववीत होते. कपाळावर, अगदी केसांना लागून. आमचं गाव पालम तालुक्यात, एसटीच्या फाट्यापासून आत. शाळेतून आले की माय मला पुढ्यात बसवून डोक्यावर खोबरेल तेल चोपडायची. इतकं, की उन्हात ते कपाळावर ओघळायचं आणि मी ओढणीनं पुसत राहायचे. त्या तेलाचा आणि कपाळावरच्या त्या बारीक दाण्यांचा काही संबंध असेल असं तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. केस लांब आणि काळे होते, तेवढं सगळ्यांना दिसत होतं.

दहावीपर्यंत गाल भरून गेले. घरात येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या तोंडाकडं बघायची, मग मायला विचारायची, "कामून गं असं झालंय पोरीला?" मग प्रत्येकीचं एक निदान. पोटात उष्णता हाय. शेंगदाणे बंद कर. रगत खराब झालंय. शेजारच्या काकू हसत म्हणाल्या होत्या, "कुणाची तरी आठवण काढायली असंल पोरगी." त्यावर माय इतकी भडकली की त्या पंधरवडाभर आमच्या दारात फिरकल्या नाहीत. पण काकू गेल्यावर मायनं मलाच विचारलं होतं, "खरंच काई न्हाई ना गं?"

मग उपाय सुरू झाले. कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी, मुलतानी माती, हळदीत लिंबू. लिंबानं आग व्हायची, पण आग होते म्हणजे औषध लागू पडतंय असा आमचा समज. कुणीतरी टूथपेस्ट लावायला सांगितली. ती रात्रभर ठेवली आणि सकाळी उजव्या गालावर चट्टा उठला. मी दिवसातून सात-आठ वेळा साबणानं तोंड धुवायचे. चेहरा ताणून कोरडा व्हायचा आणि तासाभरात पुन्हा तेलकट. आरशासमोर उभी राहून नखांनी एकेक फोडायचे. फुटल्यावर बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी तिथंच मोठी गाठ.

आण्णा, म्हणजे माझे वडील, यातल्या कशातच बोलायचे नाहीत. माझ्या चेहऱ्याचा विषय निघाला की ते टॉवेल खांद्यावर टाकून शेताकडं निघून जायचे. त्यांचे स्वतःचे दोन्ही गाल खड्ड्याखड्ड्यांचे. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या असं गावात सगळे म्हणत, मीही तसंच समजत होते. ते उठून जायचे त्याचा अर्थ मी माझ्या परीनं लावला होता. मला वाटायचं, माझ्याकडं बघवत नाही त्यांना.

बारावीनंतर मी परभणीला आत्याकडं राहायला गेले. रक्त-लघवी तपासायचा, लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. आत्या आण्णांची धाकटी बहीण. तिचे यजमान वारले होते, मुलगा पुण्याला नोकरीला. घरात ती आणि मी. माझ्यावर तिचा फार जीव. कोर्स संपल्यावर मला एका खाजगी लॅबमध्ये काम मिळालं आणि तिनं आपली जुनी स्कूटी मला दिली. परभणीचं ऊन म्हणजे तोंड उघडं ठेवून गाडी चालवायची सोय नाही. सगळ्या मुलींसारखी मीही स्कार्फ डोळ्यांपर्यंत घट्ट गुंडाळायचे. खरं सांगायचं तर ऊन नव्हतं तेव्हाही गुंडाळायचे. लॅबमध्ये पोचले की स्कार्फ काढायचा आणि मास्क चढवायचा. मास्कचा मला केवढा आधार वाटायचा. आतमध्ये घामानं हनुवटी भिजून जायची, ते चालायचं.

त्या काळात पुटकुळ्यांची जात बदलली. आधी वरवरच्या होत्या. आता जबड्याच्या कडेला आणि मानेवर खोल, दुखऱ्या गाठी यायला लागल्या. कुशीवर झोपलं की उशी टोचायची. पाळीही कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. मी फोनवर मायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझी जागरणं लय व्हायलीत. होईल नीट." सकाळी रिकाम्या पोटी मी लॅबला जायचे, मग कोपऱ्यावरच्या गाड्यावरून गोड चहा आणि बिस्किटं. दुपारी पुन्हा तेच. दिवसभर दुसऱ्यांच्या शिरा शोधायचे आणि गाव म्हणत होतं, हिचं रक्त खराब आहे.

एका संध्याकाळी आत्या बाजारातून आली. पिशवीतून एक ट्यूब काढून तिनं माझ्या हातात ठेवली.

"ही लाव. गल्लीतल्या समद्या सुना लावतात. मेडिकलवाल्यानंच दिली."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला पायजे? तोंडाला लावायची क्रीम हाय, इंजेक्शन हाय का?"

मी लॅबमध्ये काम करणारी. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचता येत होती मला. त्यातलं एक नाव ओळखीचंही वाटलं होतं. पण समोर आत्या उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी टोपण उघडलं.

आठवड्याभरात पुटकुळ्या बसल्या. हे कसं सांगू? इतकी वर्षं ज्याच्यासाठी निंबाचं पाणी, माती, उपास, सगळं केलं, ते एका पांढऱ्या क्रीमनं झोपेत करून टाकलं. सूज उतरली, लाली गेली. महिन्याभरात रंगही उजळला. मी स्कार्फ सैल बांधायला लागले. लॅबमधली माझी सोबतीण म्हणाली, "अगं, तुला आज पहिल्यांदा नीट बघितलं मी." दिवाळीला गावी गेले तर मायनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या काकू आल्या, विचारून गेल्या, "काय लावायलीस गं?"

आण्णा तेवढे दारात उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "बरं झालं बाई." आणि गेले.

मग स्थळं यायला लागली. पिंगळीकडच्या एका घरचं आलं. शेती होती, मुलगा संभाजीनगरला कंपनीत. बघायचा कार्यक्रम आत्याच्याच घरी झाला. मुलाच्या आईनं मला आपल्याजवळ बसवून घेतलं, हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमाला दुसरं काई न्हाई पायजे. पोरगी चेहऱ्यामोहऱ्यानं चांगली हाय." कुंकू लागलं. उन्हाळ्यात लग्न ठरलं.

मुलगा फोन करायचा. साधा होता, कमी बोलायचा. एकदा म्हणाला, "तुझ्या चेहऱ्यावर एकपण डाग नाही. माझ्या मित्रांना खोटं वाटतंय, म्हणतात फोटो फिल्टरचा आहे." मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र आरशापुढं जाऊन गाल जवळून बघितले. कारण तोपर्यंत मला काहीतरी कळायला लागलं होतं.

एक दिवस ट्यूब संपली होती आणि आणायला वेळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चेहरा भाजल्यासारखा पेटला. नवी ट्यूब आणली, लावली, शांत झालं. मग लक्षात आलं की आधी एकदा लावून भागायचं, आता दोनदा लावावी लागते. गॅसपुढं उभं राहवत नाही. उन्हात दोन मिनिटं थांबलं तर गाल लालभडक. बाथरूमच्या उजेडात गालांवर बारीक तांबड्या रेघा दिसायला लागल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. कानशिलाजवळ लव वाढली. आणि मग संक्रांतीच्या सुमाराला, ट्यूब लावत असतानाच, बारीक, पू भरलेल्या फोडांनी दोन्ही गाल भरून आले. एकसारखे, दाट. नववीपासून इतक्या पुटकुळ्या बघितल्या, पण हे असं कधी नव्हतं.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये एक बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सूनबाई गरोदर होती. मी मास्क खाली केला होता, कारण कापड गालाला लागलं तरी आग व्हायची. मी सुई काढली तशा त्या बाई म्हणाल्या, "थांबा. दुसऱ्या कुणाला बोलवा." मी विचारलं काय झालं. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला काय झालंय ते आमाला माहीत न्हाई. हिला हात लावू नका."

सूनबाई खाली मान घालून बसली होती. सोबतीण आली, तिनं रक्त घेतलं. मी आत जाऊन नळाखाली हात धुवत राहिले. हाताला काहीच झालं नव्हतं.

आमचे सर बाहेरच्या केबिनमधून सगळं ऐकत होते. ते पॅथॉलॉजीचे डॉक्टर, मोजकंच बोलणारे. दुपारी त्यांनी मला बोलावलं. "चेहऱ्याला काय लावतेस?" मी ट्यूबचं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "किती महिने?" मी सांगितलं. त्यांनी एका कागदावर त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "आजच जा. हवं तर आत्ता जा."

त्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात माझ्यासारख्या कितीतरी होत्या. स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढलेल्या. आत गेल्यावर त्यांनी आधी ट्यूब मागितली, मग भिंगातून चेहरा पाहिला.

"यात स्टेरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं औषध आहे, पण यासाठी नाही, चेहऱ्याला नाही आणि इतके महिने तर मुळीच नाही. यानं पुटकुळ्या बऱ्या होत नाहीत, दबतात. कातडी पातळ होते आणि मग ती याच्याशिवाय राहू शकत नाही. आज बंद करायचं."

"बंद केलं तर?"

"वाढणार. काही आठवडे आत्तापेक्षा वाईट दिसेल. मी ते सुसह्य होईल अशी औषधं देते, पण वाढणार हे नक्की. लोक इथंच हरतात आणि परत ट्यूबकडं जातात."

मी म्हणाले, "माझं उन्हाळ्यात लग्न आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग बाकीचं विचारायला लागल्या. पाळी कशी येते, वजन वाढलंय का, हनुवटीवर केस येतात का, केसांना काय लावता, गाडीवर तोंडाला काय बांधता, फोडता का. प्रत्येक उत्तरावर त्या काहीतरी समजावत गेल्या. कातडीखाली तेलाच्या ग्रंथी असतात. वयात आलं की अंगातल्या हार्मोन्समुळं त्या जास्त तेल सोडतात. त्या तेलाच्या वाटेत मेलेली कातडी अडकली की वाटेचं तोंड बंद होतं, आत जंतू वाढतात, सूज येते. बस, एवढंच. रक्त खराब नाही, पोटातली आग नाही, मळ नाही. म्हणून दहा वेळा धुऊन उपयोग नाही, दोनदा पुरे, तेही साध्या सौम्य साबणानं. डोक्यावरचं तेल कपाळावर उतरतं, ते बंद करायचं. स्कार्फ सुती, सैल आणि रोज धुतलेला. बिस्किटं आणि गोड चहा कमी. शेंगदाण्यांचा काही दोष नाही.

"आणि पाळी अशी पुढं जात असेल तर सोनोग्राफी आणि हार्मोन्सच्या तपासण्या करू. जबड्यावरच्या गाठी बघून मला शंका आहेच."

शेवटी त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होत्या अशा? आईला, वडलांना?"

"नाही," मी म्हणाले. "वडलांच्या गालावर खड्डे आहेत, पण ते देवीचे."

"वडलांचं वय काय?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, देवीचा रोग तर त्यांच्या जन्माच्या सुमारासच देशातून गेला. "खात्री आहे? एकदा विचारून बघा."

तपासण्या आमच्याच लॅबमध्ये झाल्या. सोबतिणीनं माझं रक्त घेतलं. डॉक्टरबाईंची शंका खरी निघाली, पीसीओडी होता, म्हणजे बीजांडकोशाचा विकार, ज्यात हार्मोन्स बिघडतात आणि पाळी लांबते. मी ट्यूब बंद केली. चौथ्या दिवशी डोळ्यांपासून मानेपर्यंत चेहरा सुजला. पाणी लागलं तरी जळायचा. मी सुट्टी टाकून गावी गेले, कारण आत्यासमोर राहवत नव्हतं. ती येता-जाता एकच म्हणत होती, "नुसते दोन-तीन महिने लाव गं. लगीन होऊन जाऊ दे. मग सोड."

मायही तेच म्हणाली. आधी समजावून, मग रडून. "एकदा अक्षदा पडू दे. मग नवरा घेऊन जाईल दवाखान्याला. आत्ता हे तोंड त्यांना दाखवायचं का?"

"आणि लग्नानंतर दिसलं तर?"

"तवा तू त्यांची झालेली असशील."

मला त्या वाक्याचा राग आला आणि भीतीही वाटली. कारण मनात खोल कुठंतरी मलाही तेच करावंसं वाटत होतं. ट्यूब माझ्या पर्समध्ये होती. दोनदा मी ती बाहेर काढली.

गावी येऊन तीन-चार दिवस झाल्यावर एका सकाळी मी मागच्या अंगणात बसले होते. गालावर ओला सुती कपडा धरला होता. आण्णा गोठ्यातून आले आणि बाजूला, पण जरा अंतर ठेवून, दगडावर बसले.  मग मीच विचारलं.

"आण्णा, तुमाला खरंच देवी आल्या होत्या?"

ते पायानं माती सरकवत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्याच. तुझ्यासारख्याच."

"मग समदे देवी कामून म्हणतात?"

"माझी आईच म्हणायची. देवीनं खेळवलंय म्हणलं की माणूस गप बसतं, हात जोडतं. पुटकुळ्या म्हणलं की हसतं. मीबी कधी खोडून काढलं न्हाई."

मग ते हळूहळू सांगत गेले. पाठीवरही होत्या, सदरा चिकटायचा. कुणीतरी चुना लावायला सांगितला होता, त्यानं भाजलं. चार ठिकाणी मुली बघायला गेले, चारही ठिकाणी नकार. एका घरी तर चहा द्यायला आलेल्या मुलीनं कप ठेवता ठेवता त्यांच्याकडं पाहिलं आणि आत जाऊन मैत्रिणींबरोबर हसली, ते बाहेर ऐकू आलं. आत्या तेव्हा लहान होती, बरोबर गेली होती. "तिनंबी ऐकलं," आण्णा म्हणाले. "रस्ताभर रडत आली. मी न्हाई रडलो."

माझ्या हातातला कपडा वाळून गेला होता. आत्या ट्यूब घेऊन का आली होती ते मला तेव्हा कळलं. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, तिच्या भावाचा दिसत होता.

"तुझ्या तोंडाकडं बघितलं की मला लय वंगाळ वाटायचं," आण्णा म्हणाले. "माझ्याकडनंच आलंय तुला. काय बोलणार? म्हणून उठून जायचो."

मी म्हणाले, "डॉक्टरबाई म्हणतात, हे घराण्यातनं येतं काई जणांत. त्यात कुणाची चूक न्हाई."

"तुझी तर न्हाईच," ते म्हणाले. मग उठले. "ती ट्यूब लावू नको. त्यांना मी सांगतो."

त्यांनी खरंच सांगितलं. फोन केला आणि पाहुण्यांना म्हणाले, पोरीच्या तोंडाला औषधानं रिॲक्शन आलीय, इलाज चालू हाय, लगीन जरा पुढं ढकलावं म्हणतो. दोन दिवसांनी मुलाची आई आणि मावशी आमच्या घरी आल्या. मी पाणी घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर काहीही बांधलं नव्हतं. मुलाच्या आईनं तांब्या घ्यायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

"हे किती दिवस राहणार?"

मी जे होतं ते सांगितलं. सहा-आठ महिने तरी, कदाचित वर्ष. डाग थोडे राहतील. डॉक्टरबाई पुढं एक जोरदार गोळी देणार आहेत, ती चालू असेपर्यंत आणि बंद झाल्यावरही काही दिवस मूल राहू द्यायचं नसतं, कारण बाळाला धोका असतो. म्हणून लग्न पुढं न्यायचं म्हणतोय. पाळीचा त्रास आहे, त्यावरही उपचार सुरू आहे.

मावशीनं एवढंच ऐकलं. "म्हणजे लेकरू होत न्हाई का?"

"तसं न्हाई," मी म्हणाले. "औषध चालू असताना..."

"आमाला काय कळत न्हाई का बाई? पाळी येत न्हाई, लेकरू होऊ द्यायचं न्हाई. आन् कुंकवाच्या वेळेला तोंडाला रंग लावून बसवली होती."

आण्णा उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. "रंग लावला नव्हता. आमची फसगत झाली, तुमची करायची न्हाई म्हणून बोलावलं." पण ऐकून कोण घेतंय? चहा तसाच राहिला. मुलाच्या आईनं जाताना माझ्या खांद्याला हात लावला, काहीतरी बोलायचं होतं तिला, पण मावशी दारातून हाक मारत होती.

मुलाचा फोन त्या आठवड्यात आला. "मला काही नाही गं," तो म्हणाला. "पण घरचे म्हणायलेत..." मी म्हणाले, ठीक आहे. त्यानं पुन्हा फोन केला नाही. लग्न मोडलं. गावात ते दोन प्रकारे सांगितलं गेलं. काहींच्या मते मुलीला चर्मरोग होता, काहींच्या मते तिला मूल होत नव्हतं. माय कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. आण्णांशी तर त्याहून कमी.

मी परभणीला परत आले. आत्यानं दार उघडलं. मी तिला काहीच म्हणाले नाही, पण ती स्वतःच देवळीतली उरलेली ट्यूब उचलून कचऱ्यात टाकून आली आणि स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून भाकरी थापत राहिली. "मी वाईट करायला दिली न्हवती," ती म्हणाली. मी म्हणाले, माहीत हाय मला. तिला ते पुरलं नाही, हे तिच्या पाठीकडं बघूनच कळत होतं. अजूनही ती माझ्या चेहऱ्याकडं सरळ बघत नाही.

इलाज लांबला. तोंड शांत व्हायलाच पावसाळा उजाडला. मग रात्री लावायचं एक मलम, तुरीच्या ओल्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून तेवढंच. फोडापुरतं लावायचं नाही, पूर्ण चेहऱ्याला. सुरुवातीला एक दिवसाआड, कारण कातडी सोलपटायची. दुसरं एक सकाळी लावायचं मलम होतं, त्यानं माझ्या निळ्या टॉवेलवर आणि ओढणीवर पांढरे डाग पडले. आत्यानं घाबरून विचारलं, "कपड्याचा रंग खातंय, तोंडाचं काय करंल?" डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, कपड्याचाच खातं. उन्हात जाताना सनस्क्रीन. पाळीसाठी गोळ्या आणि रोज चालणं. गाठी तरीही यायच्या, खड्डे पाडून जायच्या, म्हणून शेवटी ती जोरदार गोळी सुरू झाली. तिच्यासाठी ठरावीक काळानं रक्त तपासावं लागायचं. ओठ इतके फुटायचे की हसताना रक्त यायचं. मधेच कधीतरी मन इतकं खाली जायचं की सकाळी उठवत नसे. ते मी डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते हलक्यात घेतलं नाही, गोळी कमी केली, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं.

सगळ्यात अवघड होतं हात आवरणं. फोडायची सवय नववीपासूनची. फोनवर बोलताना, वाचताना बोटं आपोआप हनुवटीवर जायची. मी नखं मुळापासून कापून टाकली.

आता नव्या गाठी येत नाहीत. पाळीच्या आधी एखाद-दुसरी, तीही वरवरची. गालावर तांबूस डाग आहेत, कानशिलाजवळ खड्डे आहेत. जवळून बघितलं तर त्या लाल रेघाही दिसतात. त्या पूर्ण जाणार नाहीत असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलंय. मलम अजून चालू आहे. ते एकदा सुरू केलं आणि संपलं असं नसतं, हे मान्य करायलाच मला वेळ लागला.

गेल्या महिन्यात पुन्हा एक स्थळ आलं. मायनं आणलं. फोटो पाठवायचा होता. मी दुपारच्या उन्हात, अंगणात, तोंडाला सनस्क्रीनशिवाय काही न लावता काढलेला पाठवला. माय म्हणाली, "जरा सावलीत काढला असता तर काय बिघडलं असतं?" पाहुणे आले तेव्हा मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. पुटकुळ्या, ट्यूब, पीसीओडी, मोडलेलं लग्न. माय आतल्या दाराशी डोळे मिटून उभी होती. मुलाच्या आईनं शांतपणे ऐकून घेतलं. एक-दोन प्रश्न विचारले, तेही समजून घेऊन विचारल्यासारखे. जाताना म्हणाली, "घरी बोलून कळवतो."

अजून कळवलेलं नाही. माय रोज फोनवर विचारते, आला का निरोप, आणि मी नाही म्हटलं की गप्प होते. त्या गप्प होण्यात राग आहे की काळजी, मला अजून ओळखता येत नाही. मी विचारतही नाही, फोन ठेवते आणि कामाला लागते. लॅब साडेसातला उघडते, उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं दाराशी थांबलेली असतात.